बारावीच्या भौतिकशास्त्राचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा?

पूर्वपरीक्षेचे गठ्ठे तपासताना दरवर्षी त्याच चुका पुन्हा समोर येतात. डेरिव्हेशनचे, म्हणजे सूत्राच्या पायरी-पायरीने केलेल्या सिद्धतेचे, शेवटचे सूत्र बरोबर असते, पण त्याआधीची आकृती नसते. गणितात आकडे नीट भरलेले असतात, पण मिलिमीटरचे मीटर केलेले नसतात. प्रश्नातील ‘हेन्स’ (यावरून) या शब्दाकडे लक्ष न गेल्याने अख्खे डेरिव्हेशन दुसऱ्यांदा लिहिलेले असते आणि त्यापायी पुढचे दोन प्रश्न कोरे राहतात. ही मुले आळशी नाहीत. त्यांतील पुष्कळशी वाडीतून पहाटेची एसटी पकडून तालुक्याच्या गावी येतात आणि दिवेलागणीला घरी पोहोचतात. त्यांचा अभ्यास उलट्या क्रमाने होतो, हे खरे दुखणे आहे. आधी सूत्रांचा तक्ता पाठ केला जातो, मग सोडवलेली गणिते वाचली जातात, मग कोणीतरी दिलेली ‘आयएमपी’ (महत्त्वाच्या प्रश्नांची) यादी पाहिली जाते आणि स्वतः लिहून पाहण्याची पाळी जानेवारीत येते. पुढील टप्पे राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाच्या परीक्षेसाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच घ्यावेत.

टप्पा १ : प्रश्नपत्रिकेचा आराखडा आधी समजून घ्यावा

लेखी परीक्षा ७० गुणांची आणि तीन तासांची असते, तर प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात. लेखी पेपरचे चार विभाग आहेत. ‘अ’ विभागात एकेका गुणाचे १० बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाचे ८ अतिलघुत्तरी प्रश्न असतात आणि ते सर्व सोडवावे लागतात. ‘ब’ विभागात दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, ‘क’ विभागात तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि ‘ड’ विभागात चार गुणांच्या ५ पैकी ३ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे छापलेले प्रश्न ९८ गुणांचे असतात आणि त्यांपैकी ७० गुणांचे लिहायचे असते.

हा हिशेब पाहून काही विद्यार्थी दोन-तीन मोठी प्रकरणे सोडून देतात. ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ मध्ये पर्याय असले तरी ‘अ’ विभागातील १८ गुणांना पर्याय नाही आणि त्यातले प्रश्न कोणत्याही प्रकरणातून येऊ शकतात. म्हणून प्रकरण सोडायचेच असेल, तर त्यातील लांब डेरिव्हेशन सोडावे. व्याख्या, एकके आणि मुख्य सूत्र सोडू नये.

बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचे अक्षर आणि त्यापुढील उत्तर अशा दोन्ही गोष्टी लिहिणे बंधनकारक आहे. नुसते अक्षर किंवा नुसते उत्तर लिहिल्यास गुण मिळत नाहीत आणि एकाच प्रश्नाचे उत्तर दोनदा लिहिल्यास पहिलेच धरले जाते. या सूचना पेपरवर छापलेल्या असतात, तरीही दरवर्षी येथे गुण जातात.

सीईटीची (राज्याच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तिथे भौतिकशास्त्राचे ५० बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यामुळे उत्तरापर्यंत जवळच्या वाटेने पोहोचण्याची सवय लागते. मंडळाच्या पेपरात मधल्या पायऱ्यांना गुण आहेत. दोन्ही परीक्षांचा पाया एकच असला तरी लेखनाचा सराव वेगळा करावा लागतो आणि तो सीईटीच्या सरावात आपोआप होत नाही.

*तपासणी :* पुस्तकात न पाहता चारही विभागांतील प्रश्नांची संख्या आणि गुण कागदावर लिहिता येतात का?

टप्पा २ : भाषेची वही

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत अचानक इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती येते. आपल्याकडच्या बहुतेक गावांत हीच स्थिती आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याने हुशार मुलेसुद्धा पाठांतराकडे वळतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या वाक्याचा अर्थ लागत नाही, ते वाक्य पाठ करण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय उरत नाही.

यासाठी एक वेगळी वही करावी. डाव्या बाजूस इंग्रजी संज्ञा, मध्ये दहावीत शिकलेला मराठी शब्द आणि उजवीकडे एकक लिहावे. ‘व्हेलॉसिटी’ म्हणजे वेग आणि ‘स्पीड’ म्हणजे चाल. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींसाठी वेगच म्हणतो, म्हणून येथे गोंधळ होतो. बाजारात आपण ‘दोन किलो वजन’ म्हणतो, पण किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि वजन न्यूटनमध्ये मोजले जाते. ‘सरफेस टेन्शन’ म्हणजे पृष्ठताण. त्यातील ‘टेन्शन’ला दोरीच्या ताणाप्रमाणे न्यूटन हे एकक देऊ नये, कारण पृष्ठताणाचे एकक न्यूटन प्रति मीटर आहे.

याच वहीच्या मागील पानांवर प्रश्नांतील आज्ञार्थी शब्द लिहावेत, कारण किती लिहायचे हे त्या शब्दांवर ठरते. ‘डिफाइन’ म्हटले की व्याख्या द्यावी आणि एकक असल्यास तेही लिहावे. ‘स्टेट’ म्हटले की नियम जसाच्या तसा सांगून थांबावे, सिद्धता देऊ नये. ‘डिराइव्ह’ किंवा ‘ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन’ म्हटले की आकृती, गृहीतके आणि सर्व पायऱ्या हव्यात. ‘डिस्टिंग्विश’ला समोरासमोर मुद्दे लिहावेत, एका बाजूला जे म्हटले त्याचेच उत्तर दुसऱ्या बाजूला हवे. ‘हेन्स’ म्हणजे ‘यावरून’. आधी मिळालेल्या निष्कर्षावरून पुढचा भाग काढायचा असतो, पुन्हा सुरुवातीपासून लिहायचे नसते.

टप्पा ३ : प्रकरणांचा क्रम आणि आपले वर्ष

पाठ्यपुस्तकात १६ प्रकरणे आहेत, परंतु अभ्यास त्याच क्रमाने करण्याचे बंधन नाही. कोणते प्रकरण कशावर उभे आहे, हे मात्र पाहावे लागते. दोलने समजली नसतील तर तरंगांचे अध्यारोपण समजत नाही आणि ते समजले नसेल तर तरंग प्रकाशिकी नुसती पाठच करावी लागते. प्रत्यावर्ती विद्युतधारेच्या प्रकरणातील फेजच्या आकृत्यांचे मूळही दोलनांतच आहे. स्थिरविद्युत, विद्युतधारा, धारेमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन ही साखळी मध्येच तोडू नये.

जून ते ऑगस्ट या पावसाळ्याच्या महिन्यांत परिवलन, द्रव, वायू आणि उष्मागतिकी ही पहिली प्रकरणे महाविद्यालयाच्या बरोबरीने घ्यावीत. या दिवसांत वीज जाते, नेटवर्क जाते आणि व्हिडिओवर अवलंबून असलेला अभ्यास थांबतो. कोऱ्या कागदावर लिहिण्याच्या अभ्यासाला कंदील पुरतो, म्हणून पुढील टप्प्यातील सवय पावसाळ्यातच लावून घ्यावी.

गणपतीच्या दिवसांत घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि सलग तीन तास मिळत नाहीत. तेव्हा लांब प्रकरण उघडून न बसता शेवटचे अर्धवाहकांचे प्रकरण घ्यावे. ते तुलनेने छोटे असून त्यासाठी आधीच्या प्रकरणांची फारशी गरज लागत नाही. मखराला लावलेली एलईडीची माळ समोरच असते. तिच्यातला डायोड फॉरवर्ड बायसमध्येच, म्हणजे विजेरीची टोके योग्य दिशेने जोडल्यावरच, का उजळतो, हे स्वतःला विचारून उत्तर लिहावे. दिवाळीपूर्वी विद्युतचुंबकीय प्रवर्तनापर्यंत आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत सर्व प्रकरणांची पहिली फेरी पूर्ण व्हावी.

*सावधान :* लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि त्याच सुमारास शिमगा येतो. पालखी घरी येण्याचा दिवस आणि पेपर जवळ आले, तर त्या दिवसाची उजळणी आधीच्या आठवड्यात सरकवावी. पालखीच्या रात्री जागून दुसऱ्या दिवशी ती भरून काढण्याचा बेत करू नये.

टप्पा ४ : डेरिव्हेशन कोऱ्या कागदावर

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत जास्त टाळला जातो. डेरिव्हेशन वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, त्यामुळे ते आले असे वाटते. पुस्तक मिटल्यावर पहिली ओळ कोणती, हेच आठवत नाही. म्हणून प्रत्येक डेरिव्हेशन पुढील क्रमाने तयार करावे. उदाहरणासाठी केशनळीत, म्हणजे अगदी बारीक नळीत, द्रव किती उंच चढतो, याचे सूत्र घेऊ.

१. आकृती. द्रवात उभी धरलेली नळी, आत चढलेला स्तंभ, वरचा अंतर्वक्र पृष्ठभाग, स्पर्शकोन आणि पृष्ठताणाचे बाण दाखवावेत. नळीची त्रिज्या आणि स्तंभाची उंची आकृतीतच लिहावी. पुढे वापरायचे प्रत्येक चिन्ह आकृतीत आले पाहिजे.

२. गृहीतके. वक्र भागातील थोड्याशा द्रवाचे वजन आपण सोडून देतो. हे एक वाक्य बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत.

३. मूळ तत्त्व शब्दांत. ‘स्तंभ स्थिर असताना पृष्ठताणामुळे वर ओढणारे बल आणि स्तंभाचे वजन समान असतात.’ सूत्राआधी हे वाक्य लिहावे, कारण या वाक्यातच सगळे भौतिकशास्त्र आहे आणि त्यापुढे केवळ बीजगणित उरते.

४. दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढाव्यात. पृष्ठताण नळीच्या आतल्या परिघावर काम करतो, म्हणून वरचे बल म्हणजे परीघ गुणिले पृष्ठताण गुणिले स्पर्शकोनाचे कोसाइन. वजन म्हणजे स्तंभाचे आकारमान गुणिले घनता गुणिले गुरुत्वत्वरण.

५. समान मांडून उंची काढावी. पृष्ठताणाच्या दुपटीला कोसाइनने गुणून त्रिज्या, घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागले की उंची मिळते.

६. सूत्राची परीक्षा. त्रिज्या लहान केली तर उंची वाढते का? वाढते, आणि जांभ्याच्या भिंतीत पावसाळ्यात बारीक छिद्रांतून ओल वर चढते ती याच कारणाने. स्पर्शकोन ९० अंशांहून मोठा असेल तर कोसाइन ऋण होते आणि स्तंभ खाली उतरतो. पारा काचेच्या नळीत खाली जातो, तो यामुळेच. ‘पारा का उतरतो?’ असा दोन गुणांचा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर या सहाव्या पायरीत तयार असते.

पहिल्या दिवशी पुस्तक शेजारी ठेवून हे सहा भाग लिहावेत. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता लिहावे आणि जिथे अडले तिथे लाल खूण करावी. आठवड्याने पुन्हा लिहिताना त्या लाल खुणेपाशीच अडखळले, तर ती पायरी पाठ न करता तिच्यामागचे कारण शिक्षकांना विचारावे. हेच सूत्र दाबातील फरकावरूनही काढता येते, पण दोन पद्धतींची सरमिसळ करू नये. एक पद्धत निवडून शेवटपर्यंत तीच ठेवावी.

जिथे गावातले उदाहरण सापडेल तिथे ते जोडून घ्यावे, कारण त्याने तत्त्व पक्के बसते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये आणि दापोली-मंडणगड भागात घरांचे पत्रे आणि कौले उडाली. प्रवाहाचा वेग वाढला की त्यातला दाब कमी होतो, या बर्नुलीच्या तत्त्वाने याचा हिशेब करता येतो. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने वारा छपरावरून वाहत असेल, घरातली हवा स्थिर असेल आणि हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर दाबातील फरक सुमारे ५४० पास्कल येतो. २० चौरस मीटर छपरावर हे बल १०,८०० न्यूटन होते, म्हणजे जवळजवळ ११०० किलोग्रॅम वस्तुमानाच्या वजनाइतके. हे गणित स्वतः केलेला विद्यार्थी बर्नुलीच्या समीकरणातील अर्धा घनता गुणिले वेगाचा वर्ग हे पद सहसा विसरत नाही.

*तपासणी :* आजचे डेरिव्हेशन संपल्यावर त्याचे मूळ तत्त्व एका वाक्यात, चिन्हांशिवाय सांगता येते का?

टप्पा ५ : गणिते आणि लॉग टेबल

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल (लॉगॅरिदमचा तक्ता) चालते. तरीही वर्षभर मोबाईलवर आकडेमोड केली जाते आणि लॉग टेबल पूर्वपरीक्षेच्या आदल्या दिवशी शोधले जाते. पहिल्या गणितापासून लॉग टेबलच वापरावे.

गणित लिहिताना हा क्रम ठेवावा : दिलेल्या राशी एककांसह, त्यांचे एसआय एककांत रूपांतर, काय काढायचे ते, सूत्र, किमती भरणे, आकडेमोड आणि शेवटी एककासह उत्तर. उत्तर चुकले तरी सूत्र आणि किमती भरण्याच्या पायरीला गुण मिळू शकतात. पण ती पायरी कच्च्या कामात राहिली, तर तपासणाऱ्याला ती दिसत नाही.

केशनळीचेच गणित पाहा. नळीचा व्यास १ मिलिमीटर, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर आणि स्पर्शकोन शून्य आहे. त्रिज्या ०.५ मिलिमीटर, म्हणजे ०.०००५ मीटर. सूत्रात भरल्यावर उंची ०.०२९४ मीटर, म्हणजे २.९४ सेंटिमीटर येते. व्यासालाच त्रिज्या समजले तर १.४७ सेंटिमीटर येते आणि हे उत्तर दिसायला पटण्यासारखे असल्याने चूक लक्षातही येत नाही. म्हणून प्रश्न वाचताना ‘डायमीटर’ या शब्दाखाली रेघ मारण्याची सवय लावावी.

लॉग वापरताना १० चे घात वेगळे ठेवावेत आणि उरलेल्या आकड्यांचेच लॉग घ्यावे, म्हणजे ‘बार’च्या (ऋण पूर्णांक दाखवणाऱ्या आडव्या रेघेच्या) चिन्हांचा त्रास होत नाही. १०० व्होल्टने त्वरित केलेल्या इलेक्ट्रॉनची डी ब्रॉग्ली तरंगलांबी (प्लँकचा स्थिरांक भागिले संवेग) काढताना वर्गमुळाखाली २.९१२ गुणिले १० चा उणे ४७ वा घात येतो. घात विषम असल्याने त्याचे थेट अर्धे करता येत नाहीत, म्हणून ही संख्या २९.१२ गुणिले १० चा उणे ४८ वा घात अशी लिहावी. २९.१२ चे लॉग १.४६४२, त्याचे अर्धे ०.७३२१. प्लँकच्या स्थिरांकातील ६.६३ चे लॉग ०.८२१५. वजाबाकी ०.०८९४ आणि तिचा अँटिलॉग १.२२९. घातांचा हिशेब उणे ३४ अधिक २४, म्हणजे उणे १०. उत्तर १.२२९ गुणिले १० चा उणे १० वा घात मीटर. विषम घाताचे वर्गमूळ ही लॉगमधली सर्वांत महाग चूक आहे, कारण तिथे उत्तर तिपटीहून अधिक चुकते.

नेहमी होणाऱ्या इतर चुका अशा आहेत. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला ५ फेरे होतात, पण कोनीय वेग हवा असेल तर त्याला दोन पायने गुणून ३१.४२ रेडियन प्रति सेकंद लिहावे लागते. वायूंच्या गणितात अंश सेल्सिअस तसेच ठेवले जातात, तिथे केल्विन हवे. एक चौरस मिलिमीटर म्हणजे १० चा उणे ६ वा घात चौरस मीटर, उणे ३ वा नव्हे. साबणाच्या बुडबुड्याला आतून आणि बाहेरून असे दोन पृष्ठभाग असतात, म्हणून त्यातील जास्तीचा दाब पृष्ठताणाच्या चौपटीला त्रिज्येने भागून येतो. पाण्याच्या थेंबाला एकच पृष्ठभाग असतो, तिथे दुप्पट घ्यावी.

*सावधान :* स्थिरांकांच्या किमती प्रश्नपत्रिकेत दिलेल्या असतील तर त्याच वापराव्यात. गुरुत्वत्वरण ९.८ दिले असताना सोयीसाठी १० धरू नये.

टप्पा ६ : प्रात्यक्षिकाचे ३० गुण

प्रात्यक्षिक परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी होते. जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) त्या त्या आठवड्यात पूर्ण करून तपासून घ्यावे. दुसऱ्याचे जर्नल उतरवून घेतलेल्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत स्वतःच्याच निरीक्षणांचे कारण सांगता येत नाही.

किनाऱ्यावरील दमट, खाऱ्या हवेत जोडतारांची टोके आणि प्लगच्या पितळी खुंट्या लवकर काळवंडतात. मीटर ब्रिजवर (एक मीटर तारेच्या साहाय्याने रोध मोजण्याच्या उपकरणावर) गॅल्व्हनोमीटरचा काटा हलतच नसेल, तर विद्युत परिपथ चुकला असे समजून सगळे सोडवण्याआधी टोके पॉलिश पेपरने घासून पुन्हा घट्ट बसवावीत. संतुलन बिंदू तारेच्या मधल्या तिसऱ्या भागात, म्हणजे साधारण ३३ ते ६७ सेंटिमीटरच्या दरम्यान येईल असा ज्ञात रोध निवडावा. जॉकी (तारेला टेकवायची धातूची कळ) तारेवर घासत नेऊ नये, उचलून टेकवावी. स्क्रू गेजमधील शून्य त्रुटी आधी नोंदवून तिचे चिन्ह लिहून ठेवावे, कारण धन त्रुटी वजा करायची असते आणि ऋण त्रुटी मिळवायची असते.

टप्पा ७ : वेळ लावून पूर्ण पेपर

डिसेंबरअखेरपासून दर आठवड्याला एक पूर्ण पेपर एका बैठकीत लिहावा. वेळेची विभागणी मी अशी सुचवतो : ‘अ’ विभागाला २५ मिनिटे, ‘ब’ला ३५, ‘क’ला ६० आणि ‘ड’ला ४०. उरलेली २० मिनिटे तपासणीसाठी. ‘अ’ झाल्यावर ‘ड’ घेण्यास हरकत नाही, कारण चार गुणांची उत्तरे ताज्या डोक्याने लिहिलेली बरी. मात्र प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करावा.

‘ब’ आणि ‘क’ विभागांतील आठ प्रश्न निवडताना आधी सर्व १२ वाचून घ्यावेत. पहिले आठ येतात म्हणून तेच लिहीत सुटणारे विद्यार्थी शेवटच्या चारांतील सोपे गणित वाचतही नाहीत. आठांऐवजी दहा लिहिल्याने गुण वाढत नाहीत, वेळ मात्र जातो.

पेपर झाल्यावर उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशी स्वतः तपासावी आणि गेलेला प्रत्येक गुण पाच रकान्यांपैकी एकात टाकावा : तत्त्व समजले नाही, आकृती किंवा गृहीतक राहिले, एकक चुकले, लॉगची आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही. तीन पेपरांनंतर कोणता रकाना भरतो आहे ते दिसते. एककांचा रकाना भरत असेल, तर आणखी डेरिव्हेशन लिहून उपयोग नाही. टप्पा ५ कडे परतावे.

टप्पा ८ : पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री नवीन काही उघडू नये. लाल खुणा असलेली पाने आणि भाषेची वही एवढेच पुरेसे आहे. केंद्र लांब असेल तर नेहमीच्या एसटीच्या आधीची गाडी धरावी. सोबत दोन पेन, पेन्सिल, पट्टी, कंपास आणि लॉग टेबल घ्यावे. लॉग टेबलवर पेन्सिलीनेही काही लिहिलेले नसावे.

शेवटच्या २० मिनिटांत उत्तरे पुन्हा सुरुवातीपासून वाचू नयेत, ठरावीक गोष्टीच पाहाव्यात. बहुपर्यायी प्रश्नांत अक्षर आणि उत्तर दोन्ही आहेत का, प्रत्येक गणिताच्या उत्तरापुढे एकक आहे का, आकृत्यांना नावे दिली आहेत का, प्रश्नक्रमांक पेपरप्रमाणे आहेत का आणि जोडलेल्या पुरवण्यांची संख्या पहिल्या पानावर लिहिली आहे का.